तलवारीनंतरचे मध्ययुग

१ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी एका घराच्या परसात काही तरुणांनी ढाल-तलवारीचे सामने भरवले. घर डायना पॅक्सनचे. ती पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आली. सामने आटोपल्यावर मंडळी विसाव्या शतकाचा निषेध करत रस्त्यावरून मिरवत गेली. पुढच्या खेपेला बाग हवी होती आणि परवानगीच्या अर्जावर संस्थेचे नाव लागत होते. मॅरियन झिमर ब्रॅडली या लेखिकेने ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ असे नाव सुचवले. त्या गमतीची आज जगभर पसरलेली ‘राज्ये’ आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून एक, युरोपचा बराचसा भाग मिळून दुसरे. सतराव्या शतकापूर्वीचे जग हाताने करून पाहायचे, एवढीच अट.

इथे नवखे असणे फार सोपे. कपडे उसने मिळतात, ताट-वाटी कुणीतरी देते, नव्यांची विचारपूस करायला स्वतंत्र पदाधिकारी असतो. वर्ष-दोन वर्षांनी हे लाड संपतात आणि मग खरा प्रश्न येतो: आता पुढे काय? बहुतेक जण तलवारीच्या ओढीने आलेले असतात. टिकतात ते मात्र बहुधा दुसऱ्याच कशाने तरी, असे माझे मत आहे.

तलवारीला कमी लेखायचे नाही. ती वेताची असते, चिलखत मात्र खरे. शिरस्त्राण, गळा, कोपर, गुडघे यांचे संरक्षण तपासून, परीक्षा घेऊन मगच मैदानात उतरू देतात. सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे वार लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच सांगायचे. पायावर बसला तर गुडघे टेकून लढायचे, वर्मी बसला तर आपणहून पडायचे. पंच सुरक्षितता पाहतात, हार-जीत ठरवत नाहीत. राजाही अशाच सामन्यांतून निवडला जातो आणि बहुतेक राज्यांत सहा महिन्यांनी पायउतार होतो. ‘मला लागलेच नाही’ म्हणणारा गडी दोन-तीन मोसमांत सगळ्यांना ठाऊक होतो. त्याच्याशी लढायला कुणी उत्सुक नसते.

पण गोतावळ्यात शिरायची खरी वाट स्वयंपाकघरातून जाते. शाळेचा किंवा चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, शंभरेक पाने, आणि मुदपाकखान्याचा प्रमुख गेले काही महिने एका जुन्या पाककृतीशी झुंजतो आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या आचाऱ्यांचा १३९० च्या सुमाराचा ‘फॉर्म ऑफ क्युरी’ हा संग्रह या मंडळींचा लाडका. त्यात मापे जवळपास नाहीत, विस्तव किती ठेवायचा ते नाही, वेळही नाही. घ्या, वाटा, शिजवा, वाढा. आपल्या आज्या ‘अंदाजे’ म्हणायच्या तोच प्रकार, फक्त विचारायला आजी नाही. मग एकच पदार्थ पुन्हा पुन्हा करून पाहायचा. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. तिखटपणा हवा तर मिरी आणि आले. बदामाचे दूध मात्र भरपूर, कारण उपवासाच्या दिवशी चर्चला गाईचे दूध चालत नसे. असली कारणे पुस्तकात वाचून विसरली जातात. शंभर माणसांसाठी बदाम वाटले की आयुष्यभर लक्षात राहतात. आणि पंगत उठल्यावर रात्री अकराला जो कढया घासायला थांबतो, त्याला पुढच्या वेळी नावाने हाक मारतात.

या थांबण्याला तिथे मानही आहे. लढणाऱ्यांना सरदारकी, कला-कारागिरीला ‘लॉरेल’, आणि निव्वळ सेवेला ‘पेलिकन’: स्वतःच्या रक्तावर पिल्ले पोसणाऱ्या पक्ष्याची मध्ययुगीन दंतकथा त्यामागे आहे. हे मान स्वतःसाठी मागायचे नसतात. दुसऱ्या कुणीतरी राजा-राणीला पत्र लिहून शिफारस करायची. मिळणारी सनद तिसऱ्याच कुणीतरी रात्री जागून वळणदार अक्षरांत लिहिलेली, रंगवलेली असते, बहुधा फुकट. नाव आणि ढालीवरचे चिन्ह नोंदवणे हे तर वेगळेच दफ्तर. नावाला जुना पुरावा हवा, चिन्ह दुसऱ्याच्या चिन्हाशी मिळते-जुळते नको, आणि निकालाला महिनोन्‌महिने. सरकारी कचेऱ्यांना कंटाळलेली माणसे हौसेने कचेरी चालवतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

नवखेपणानंतरच्या या दुसऱ्या टप्प्याचा एक रोगही आहे, आणि तो सुईतून येतो. ग्रीनलंडच्या हेरयोल्फ्सनेसच्या दफनभूमीत १९२१ मध्ये गोठलेल्या जमिनीतून मध्ययुगीन कपडे निघाले. जॅनेट आर्नल्ड यांनी संग्रहालयांतले पोशाख मोजून त्यांचे बेत छापले. असा ऐवज हाती आला की माणूस हातशिलाईला लागतो, मंजिष्ठेने लोकर रंगवतो, आणि हळूहळू शेजाऱ्याचे टाके मोजू लागतो. सोसायटीबाहेर, अमेरिकन यादवी युद्ध उभे करणाऱ्या हौशींत हे फार. त्यांचा छंद १९६१ च्या शताब्दीपासून फोफावला. खोट्या वस्तू वापरणाऱ्याला तिथे ‘फार्ब’ म्हणून हिणवतात, आणि हिणवणाऱ्यांना उलट ‘टाकेमोजे’ म्हणतात. उपाशी राहून सैनिकासारखे हाडकुळे होणारे आणि थंडीत एकमेकांना चिकटून झोपणारे महाभाग टोनी हॉरविट्झच्या १९९८ च्या ‘कॉन्फेडरेट्स इन द अ‍ॅटिक’ या पुस्तकात भेटतात. अचूकपणा हवाच. पण बटण बरोबर आणि गुलामगिरीचा उल्लेख नाही, हा कसला अचूकपणा? ‘ग्लोरी’ (१९८९) या चित्रपटाने ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीची, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांची, कथा पडद्यावर आणली आणि त्या गणवेशात उभ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय हौशींना बळ मिळाले. ही दुरुस्ती कुठल्याही काजापेक्षा मोठी होती.

इंग्लंडातला मामला अधिक शिस्तीचा. लष्करी इतिहासकार ब्रिगेडियर पीटर यंग यांनी १९६८ मध्ये ‘सील्ड नॉट’ ही संस्था स्थापली. तिथे सतराव्या शतकातले इंग्लिश यादवी युद्ध लढतात. माणूस एका पलटणीत भरती होतो, लांबलचक भाला घेऊन रेटारेटी करतो. बंदुकीकडे वळायचे तर दारूसाठी सरकारी परवाने आले. इथे राजा व्हायचे स्वप्न कुणी पाहत नाही. त्या युद्धातल्या राजा चार्ल्सचे काय झाले ते ठाऊक असते.

सगळ्या वाटा एकत्र बघायच्या तर पेनसिल्व्हेनियातले ‘पेन्सिक’. १९७२ पासून दर उन्हाळ्यात, साधारण दोन आठवडे, दहा हजारांच्या घरात माणसे तंबू ठोकतात. ते सोसायटीचे पूर्वेकडचे आणि मध्यप्रांताचे राज्य यांच्यातले युद्ध. पिट्सबर्ग शहर हरणाऱ्याच्या गळ्यात पडणार, असा जुना विनोद. युद्ध असते खरे, पण शेकडो वर्गही असतात: विणकाम, मणी ओतणे, लिपी, नृत्य. लढायला गेलेला माणूस अचानक टकळीवर सूत काततो, तो इथेच.

यात मराठी माणसाने शिरायचे ठरवले तर? युरोपबाहेरची पात्रे तिथे आहेत, त्यामुळे दार उघडे आहे. पण कालमर्यादा इसवी सन १६०० ची. म्हणजे शिवकाल बाहेर, आणि १५९५ मध्ये मुघलांपुढे अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी आत! देवगिरीचे यादव तर निश्चित आत. कपड्यांसाठी इजिप्तमधल्या फुस्तात इथे सापडलेले गुजराती छापील सुती तुकडे पाहता येतील. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आहे. स्वयंपाकासाठी चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’. त्यात इडलीची पूर्वज ‘इड्डरिका’ आहे, नुसत्या उडदाची. भाजलेला उंदीरही आहे. पहिल्या पंगतीला इड्डरिका करावी, हे बरे.