पँडोराचा डबा की रांजण? एका हस्तकलेतून सापडलेला संशोधनप्रश्न



लहान मुलांना ग्रीक पुराणकथा सांगायच्या म्हटलं की पुस्तकासोबत हस्तकला ठरलेलीच. पँडोराच्या गोष्टीसाठी बुटांचं रिकामं खोकं घ्यायचं, त्याला चमकीचा कागद लावायचा, आत कागदी किडे भरायचे. मुलं खूश! पण हे खोकं कथेत आलं कुठून?

ही कथा लिखित स्वरूपात सर्वांत आधी सापडते ती हेसिअड या कवीकडे, इ.स.पू. ७०० च्या सुमारास. त्याचा शब्द आहे 'पिथॉस', म्हणजे धान्य, तेल, वाइन साठवायचं मातीचं मोठं भांडं. आपल्याकडचा रांजणच म्हणा ना. सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाने ही कथा लॅटिनमध्ये सांगताना 'पिक्सिस', म्हणजे छोटी डबी, असा शब्द वापरला आणि युरोपात तोच रूढ झाला. डोरा आणि अर्विन पानोफ्स्की यांनी १९५६ साली या डबीच्या प्रवासावर अख्खं पुस्तक लिहिलं.

पुढे नॅथॅनिएल हॉथॉर्नने १८५१ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या 'अ वंडर-बुक'मध्ये पँडोराला चक्क लहान मुलगी केलं. पेटी उघडायची नाही, पण तिला राहवत नाही. शेवटी आशाही बाहेर येते. हेसिअडकडे मात्र रांजण उघडू नकोस असं तिला कुणी बजावत नाही, तिच्या कुतूहलाचा उल्लेखही नाही आणि आशा झाकणाखालीच राहते. म्हणजे 'नको तिथे डोकावू नये' हे जे तात्पर्य आपण मुलांना सांगतो, ते हेसिअडचं नाहीच!

हे कळल्यावर मी सिनॉप्सिसमध्ये उत्साहाने 'बालपुस्तकांतील चुका' अशी लांबलचक यादी दिली. गाईड मॅडमनी एकच विचारलं, "चूक कुणाच्या लेखी? आणि यादी म्हणजे संशोधन का?" दोन महिन्यांचं काम एका वाक्यात कोसळलं. वाईट वाटलं, पण मुद्दा बरोबर होता. मी मूळ ग्रंथाला परीक्षक बनवलं होतं. मग 'चूक' हा शब्द खोडून 'बदल' लिहिला आणि प्रश्नच पालटला: हा बदल कधी झाला, कुणासाठी झाला आणि त्याने कथेचा अर्थ कसा बदलला?

आता फरक बघा. रांजण म्हणजे घराचा साठा, डबी म्हणजे गुपित. वस्तू बदलली की गोष्टीचा रोखही बदलतो. आणि मुलं ज्या वस्तूला हात लावतात, तीच त्यांच्या लक्षात राहण्याची शक्यता जास्त. म्हणून हस्तकला हीसुद्धा अभ्यासाची सामग्रीच आहे, निव्वळ विरंगुळा नाही.

खोकं टाकून द्या असं मी म्हणत नाही. सोबत शाडूचा छोटा रांजणही करा, झाकणाखाली 'आशा' लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि मुलांना विचारा: आशा आत राहिली, म्हणजे ती आपल्यासाठी जपली गेली की कोंडली गेली? अभ्यासकांचंही यावर अजून एकमत नाही.

तुमचा विषय कुठलाही असो, तीन गोष्टी करा. मूळ साधन स्वतः वाचा. फरक दिसला की आधी त्याची नोंद करा, निवाडा नंतर. आणि त्या फरकाला 'का?' विचारा. सिनॉप्सिस तिथून सुरू होतो.