एअर फ्रायरमधले सफरचंदाचे फ्रिटर
एअर फ्रायर तळत नाही, गरम हवेवर भाजतो. हे मान्य केलं की सफरचंदाचे फ्रिटर बिघडत नाहीत. १८० अंशांच्या तेलात पडताच पातळ पीठ क्षणात आकार धरतं. हवेला ती घाई जमत नाही, म्हणून तेच पीठ जाळीतून ओघळतं. त्यात सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी! तेव्हा पीठ चमच्याला चिकटून राहील इतकं घट्ट हवं, फोडी बारीक चिरून पुसलेल्या, खाली बटर पेपर आणि वरून वितळलेल्या लोण्याचा हात. तळलेल्याची सर येत नाही, हा आक्षेप खराच. कुरकुरीत कडा कमीच मिळतात. पण तेल हटल्यावर दालचिनी आणि फळाचा आंबटगोडपणा पुढे येतो, मला तो अधिक मोलाचा वाटतो. वरचा साखरेचा पाक मात्र बेतानेच ओता.