आपलं समजून वापरलं, सरकारी निघालं : भाडेपट्ट्याने प्रश्न सुटतो का?

जागेच्या कागदपत्रांवर बोललो की एक प्रश्न हमखास येतो. "सर, थोडी जागा सरकारी निघाली. मुद्दाम नव्हतं केलं. आता भाड्याने मागता येईल का?" व्हिडिओत याचं उत्तर दोन मिनिटांत देऊन टाकता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

समजा, तालुक्याच्या गावाबाहेर रस्त्यालगत तुमची १५ गुंठे जागा आहे आणि त्यात मिसळ हाउस आहे. कुंपण आजोबांच्या वेळी जिथे होतं तिथेच आहे. पुढच्या मोकळ्या पट्ट्यात तुम्ही गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक टाकले, कडेला पत्र्याची शेड उभी करून चार टेबलं मांडली. पाच वर्षं धंदा छान चालला. मग कर्जासाठी बँकेने मोजणीचा नकाशा मागितला. भूमी अभिलेखचे मोजणीदार येऊन गेले, 'क' प्रत हातात पडली आणि कळलं की पुढचा दीड गुंठा तुमचा नाहीच. म्हणजे साधारण १,६३० चौरस फूट. पार्किंग, शेड, टेबलं सगळं त्यातच.

अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात. एक तर गप्प बसतात, नाहीतर पुढाऱ्याकडे जातात. गप्प बसण्यात अडचण अशी की ती 'क' प्रत आता सरकारी दप्तरात आहे आणि बँकेच्या फाइलमध्येही जाणार आहे. उद्या रस्तारुंदी आली, शेजाऱ्याशी बिनसलं, समोर दुसरं मिसळ हाउस उघडलं, की तक्रार व्हायला एक अर्ज पुरतो. नोटीस आल्यावर केलेला भाडेपट्ट्याचा अर्ज कारवाई टाळण्यासाठी केलाय असंच दिसतं. नोटीस येण्याआधी केलेला अर्ज वेगळा दिसतो. तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती दर महिन्याला कमी होत जाते.

पुढाऱ्याच्या पत्राबद्दल एवढंच सांगतो की जागा ज्याची, त्याचाच कागद चालतो. महसूल खात्याच्या जमिनीसाठी सरपंचाने कितीही प्रेमाने ठराव करून दिला, तरी तो भाडेपट्टा होत नाही.

आधी मालक शोधा

'सरकारी जागा' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान दहा मालक लपलेले असतात. महसूल, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, वन, ग्रामपंचायत, पालिका, एमआयडीसी, राष्ट्रीय महामार्ग... प्रत्येकाचा कायदा वेगळा, सही करणारा साहेब वेगळा.

ग्रामीण भागात सुरुवात तलाठ्यापासून करा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). त्यांच्याकडचे दोन नमुने बघा. गाव नमुना १-ब म्हणजे गावातल्या सरकारी जमिनींची नोंदवही. गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. पहिल्यावरून जागा कसली आहे ते कळतं, दुसऱ्यावरून तुमचं नाव आधीच लागलंय का ते कळतं. अनेकांना आपलं नाव १-ई मध्ये आहे हे माहीतच नसतं! नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

मोजणीच चुकली असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर आधी तोच मुद्दा लढवा. निमताना मोजणी मागता येते, त्यावर सुपर निमताना असते. हे का महत्त्वाचं, ते पुढे येईल.

काही जागा मिळतच नाहीत

हे स्पष्ट सांगतो, कारण या आशेवर लोक एजंटला पैसे देतात. गायरान असेल तर भाडेपट्ट्याचा विषय सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरचे बेकायदा ताबे काढण्याची योजना करायला सांगितलं. किती वर्षं वापरतोय, बांधकामावर किती खर्च केलाय, या सबबी चालणार नाहीत, हेही त्यात आहे. अपवाद आहेत ते भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती, आधीच उभी असलेली शाळा, दवाखाना अशा प्रकारचे. मिसळ हाउस त्यात बसत नाही. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान आणि सार्वजनिक वापराच्या जमिनींवरची अतिक्रमणं नियमित करण्याचा रस्ता बंद केला.

वनजमीन असेल तर राज्यालासुद्धा केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय ती देता येत नाही. ओढा-नाला असेल तर शेड आजच काढा, पावसाळ्याची वाट बघू नका. शहरातला फुटपाथ असेल तर महापालिका अधिनियमात नोटीस न देताही उचलण्याचा अधिकार आहे. तिथे हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आणि त्याचं प्रमाणपत्र हा वेगळा मार्ग आहे. पक्क्या दुकानाने पुढे वाढवलेल्या ओट्यासाठी तो नाही.

रस्त्याची हद्द निघाली तर जरा थांबून विचार करा. तुम्हाला नक्की काय हवंय? टेबलं मांडायला जागा, की गिऱ्हाइकाच्या गाडीला आत यायची वाट? राज्यमार्गाच्या हद्दीत टेबलं मांडायला भाडेपट्टा मिळेल ही आशा धरू नका. पण पोहोच रस्त्याची परवानगी ही स्वतंत्र गोष्ट आहे आणि ती रीतसर मागता येते. राष्ट्रीय महामार्गाच्या २००२ च्या नियंत्रण कायद्यात तर महामार्गाची जमीन तात्पुरत्या वापरासाठी भाडेपट्ट्याने किंवा परवान्याने देण्याचं कलमच आहे, कलम २५. मात्र वाहतुकीची सुरक्षा आधी, तुमची मिसळ नंतर.

मिळू शकते, ती कशी?

महसूल खात्याची साधी पड जमीन असेल, कुठल्याही सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधली तीन कलमं समजून घ्या. कलम ५० जिल्हाधिकाऱ्यांना अतिक्रमण काढण्याचा आणि दंडाचा अधिकार देतं. कलम ५१ म्हणतं की अतिक्रमण करणाऱ्याची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी अटी घालून ती जमीन त्यालाच देऊ शकतात, त्यासाठी जमिनीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत रक्कम आकारू शकतात. आणि कलम ३८ खाली सरकारी जमीन ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक कामासाठी भाडेपट्ट्याने देता येते. तसा पट्टा मिळाला की तुम्ही 'शासकीय पट्टेदार'.

'देऊ शकतात' हे शब्द नीट वाचा. हा तुमचा हक्क नाही. कलम ५१ मध्ये आधी जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती ऐकणं बंधनकारक आहे. शिवाय सरकारी जमीन एखाद्याला थेट देण्याबाबत न्यायालयं कडक आहेत, लिलाव किंवा खुली पद्धत हाच नियम मानतात. म्हणून तुमच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा वर्षांचा नसतो, आकाराचा असतो. तुमच्या भिंतीला लागून असलेला चिंचोळा दीड गुंठा, ज्याला स्वतंत्र वाट नाही, तो दुसऱ्या कुणाच्या काय कामाचा? हे नकाशावर दाखवता आलं पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या मालकीची जागा असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५६ लागतं. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा पंचायत देऊ शकते. त्याहून जास्त मुदत असेल तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. गावात कुणी 'दहा वर्षांचा करून देतो' म्हणालं, तर मंजुरीचं पत्र दाखवा म्हणायचं.

इथे एक गोष्ट सांगायची राहून जाते. घरातलं कुणी ग्रामपंचायत सदस्य असेल किंवा निवडणुकीला उभं राहणार असेल, तर सावध. सरकारी जागेवर अतिक्रमण केलं तर सदस्यपद जातं, आणि कुटुंबातल्या माणसाने केलेल्या अतिक्रमणाचा वापर करणाऱ्या सदस्यालाही ते लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. तुमच्या चार टेबलांपायी वहिनींचं सरपंचपद जाऊ शकतं.

अर्ज म्हणजे कबुली

आता खरा पेच. ज्या दिवशी तुम्ही भाडेपट्टा मागता, त्या दिवशी 'जागा सरकारची आहे' हे तुम्ही लिहून देता. पट्टा सही केल्यावर तर ही जागा मुळात माझीच होती असं म्हणायची सोय उरत नाही. म्हणून मघाशी म्हटलं, मोजणीवर शंका असेल तर ती आधी संपवा. वाद चालू असतानाच अर्ज करणं भाग पडलं, तर 'माझे हक्क अबाधित ठेवून' हे वाक्य वकिलाकडून नीट घालून घ्या.

काहीजण म्हणतील, बारा वर्षं वापरलं की जागा आपली होते ना? खासगी मालकाविरुद्ध बारा. सरकारविरुद्ध मुदत तीस वर्षांची आहे, आणि नुसता वापर पुरत नाही, मालकाच्या विरोधात उघडपणे मालकी गाजवल्याचं सिद्ध करावं लागतं. 'मला माहीतच नव्हतं, चुकून झालं' असं म्हणणाऱ्याला ते सिद्ध करणं अवघडच. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही. माझं मत विचाराल तर छोट्या धंदेवाल्याने या वाटेला जाऊच नये. कोर्टाच्या तारखांत मिसळीचा कट कोण काढणार?

घरपट्टीची पावती, वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना आठ हेही मालकीचे पुरावे नाहीत. पिंपरी-चिंचवडकरांनी 'शास्ती' वर्षानुवर्षं भरली, म्हणून बांधकामं अधिकृत झाली नाहीत, हे आठवा.

दुसरा धोका कुणीच सांगत नाही. अर्ज केला की जागेवर पंचनामा होतो. अधिकारी फक्त दीड गुंठा बघून परत जात नाहीत, तुमचे स्वतःचे १५ गुंठेही त्यांना दिसतात. तिथला बिनशेती वापर कागदावर आलाय का? बांधकाम परवानगी आहे का? नसेल तर मागायला गेलात दीड गुंठा आणि नोटीस आली पंधरा गुंठ्यांची, असं होतं. आधी घरचे कागद पुरे करा, मगच दुसऱ्याच्या दारात जा.

अर्जात काय लिहायचं

एक पान पुरे. जागेचा गट नंबर आणि क्षेत्र, मोजणीची तारीख, केव्हापासून काय वापर आहे, चूक कशी लक्षात आली. सोबत 'क' प्रत, नकाशा, फोटो. मागच्या वापराचं भाडं ठरेल ते भरायची तयारी. आणि शेवटी ही ओळ नक्की घाला : भाडेपट्टा देणं शक्य नसेल तर अमुक दिवसांत जागा मोकळी करून देतो. ही ओळ लिहायला लोक घाबरतात, पण 'चुकून' या शब्दाला वजन त्यामुळेच येतं. शक्य असेल तर शेड अर्जाआधीच काढा. मोकळ्या पार्किंगसाठी जागा मागणं आणि उभं बांधकाम वाचवायला मागणं यात साहेबांच्या टेबलावर फार फरक पडतो. आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका.

परवडतंय का ते बघा

भावनेत न जाता हिशेब मांडू. आकडे मी नमुन्याला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा त्या पट्ट्यामुळे महिन्याला ४०,००० रुपयांची जादा विक्री होते आणि नफा २० टक्के आहे. म्हणजे महिन्याला ८,०००, वर्षाला ९६,०००. भाडं ठरलं वर्षाला ६०,०००. वाटतं, ३६,००० उरले. थांबा! तुमची जीएसटी नोंदणी असेल तर सरकारला किंवा स्थानिक संस्थेला दिलेल्या जागाभाड्यावरचा जीएसटी तुम्हालाच भरायचा असतो, रिव्हर्स चार्जने. हा नियम २५ जानेवारी २०१८ पासून आहे. १८ टक्क्यांनी १०,८०० झाले. ५ टक्के दराच्या हॉटेलला त्याचं क्रेडिटही मिळत नाही. उरले २५,२००. त्यातून अनामत, मुद्रांक, मागच्या वर्षांची वसुली. पहिली दोन वर्षं हातात काहीच उरणार नाही कदाचित.

म्हणून अर्ज करतानाच दुसरं गणितही करा. टेबलं आतल्या १५ गुंठ्यांत हलवली तर किती विक्री घटते? कधीकधी उत्तर 'फारशी नाही' असं येतं. मग पट्ट्याचा नाद सोडा, जागा मोकळी करा आणि पंचनाम्याची प्रत फाइलला लावा. बँकेला तीही चालते की नाही, शाखेत विचारून घ्या.

आणि पट्टा मिळालाच तर अटी वाचून सही करा. पक्कं बांधकाम चालतं का, पोटभाड्याने देता येतं का, किती दिवसांच्या सूचनेवर जागा परत घेतली जाईल, हॉटेल विकलं तर नव्या मालकाच्या नावावर पट्टा जातो का. ग्रामपंचायत किंवा पालिकेचा पट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर नोंदणीकृतच करून घ्या. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा, ही तारीख आजच मोबाइलमध्ये टाका. मुदत संपून गेल्यावर तुम्ही पुन्हा १-ई च्या वहीत असता, आणि तेव्हा 'चुकून झालं' म्हणता येत नाही.