रसाच्या ग्लासात शंभरावर गुणसूत्रं

माणसाची गुणसूत्रं 46. शाळूची 20. आणि रंकाळ्यावर आलं-लिंबू मारून जो रस तुम्ही रिचवता, त्या उसाची? आजच्या जातींत साधारण 100 ते 130! ब्लूबेरीच्या रानटी जाती 24, 48, 72 असा शिस्तीत पाढा म्हणतात. ऊस मात्र गणिताच्या तासाला दांडी मारणारा गडी.

ही गर्दी झाली कशी? गोड, जाडजूड ऊस मूळचा न्यू गिनीकडचा, गुणसूत्रं 80. पण रोग आला की नांगी टाकणार. त्याचा रानटी भाऊबंद म्हणजे नदीकाठचं काश गवत. काडीसारखं बारीक, साखरेच्या नावानं बोंब, पण भलतंच चिवट. त्याची गुणसूत्रं मुलखागणिक वेगळी, 40 पासून थेट 128 पर्यंत. 1912 साली कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरामन या ऊस-शास्त्रज्ञांनी या दोघांचं लग्न लावलं आणि 1918 मध्ये ‘को 205’ ही जात शेतात उतरली. पुढे 1930 च्या दशकात तिथंच वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काश गवताची गुणसूत्रं मोजत होत्या.

या सोयरिकीतली खरी गंमत पुढेच आहे. रीतीनं आईबापांनी आपापली निम्मी शिदोरी पोराला द्यायची. इथं काशबुवांनी निम्मीच दिली. ऊसबाईंनी मात्र सगळी 80 च्या 80 पदरात टाकली! आईची माया, दुसरं काय.

आपला शेतकरी या भानगडीत पडत नाही. तो 86032 किंवा 265 या जातीची दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबतो. डोळा फुटतो आणि जुन्याच उसाची हुबेहूब नक्कल उभी राहते. लागणीत जी गुणसूत्रं, तीच खोडव्यात, तीच निडव्यात.

बी पेरलं तर मात्र प्रत्येक रोपाचा वाण निराळा. ते बी येतं तुऱ्यातून, कापसासारखं भुरभुरणारं. रानात तुरा दिसला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी, कारण ऊस पोकळ पडतो, वजन घटतं. नवी जात काढणाऱ्याला मात्र तुऱ्याशिवाय मुहूर्तच नाही. म्हणून तर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं आपलं ऊस प्रजनन केंद्र, उसाला तुरा चांगला येतो त्या आंबोलीत थाटलंय. होय, आपण धबधब्याखाली भिजायला जातो तीच आंबोली. उसाची लग्नं बघायची तर पावसाळ्यात जाऊ नका, तुरे दिवाळीच्या आगेमागे येतात.