अडीचशेच्या आत

२५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर २०२५ या काळात भारतातून अमेरिकेला पोस्टाने वस्तू पाठवणं जवळपास बंद होतं. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. या तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि मला तुळजापूर आठवलं. परदेशातल्या मराठी घरांतून कवड्यांच्या माळेला, परडीला, ओटीच्या सामानाला जी काही मागणी येते, ती बहुतेक नवरात्राच्या तोंडावरच येते. नेमका तोच काळ बंदीत गेला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत हिऱ्यांवर, कोळंबीवर, तिरुप्पूरच्या कपड्यांवर रकानेच्या रकाने आले, आणि ते यायलाच हवे होते. कवड्यांबद्दल कुठे एक ओळ नव्हती. म्हणून पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मी तुळजापूरला गेले.

महाद्वारापासून खाली उतरत गेलं की माळवदाची जुनी घरं लागतात. त्यांतल्या एका घराच्या ओसरीवर एक मावशी माळ गुंफत बसल्या होत्या. हा उद्योग त्यांच्या भाच्याचा. पोरगा पंचविशीतला, बी.कॉम. झालेला. दोन-तीन संकेतस्थळांवर त्याचं दुकान आहे, पण बरेचसे ग्राहक व्हॉट्सअॅपवरच बोलतात. ओसरीवर मेणाचा वास भरून होता. सुताला पीळ दिला की मावशी ते मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढतात, मग त्यात कवडी चढते. कवडीची पाठ आधीच काढलेली असते, त्यामुळे ती सपाट बसते आणि तोंड वर राहतं. मावशींची नजर सुतावर नसतेच. एक कवडी उचलायची, अंगठ्याने तिचं तोंड चाचपायचं, कड तुटकी लागली तर डावीकडच्या वाटीत टाकायची. बोलताना त्यांनी किती कवड्या अशा बाजूला टाकल्या ते मी पाहत होते. तुटकी कवडी देवीच्या माळेत जात नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

तुळजापूरच्या कवडीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आराध्यांच्या, गोंधळ्यांच्या गळ्यातली माळ लोकांना दुरूनही ओळखू येते. हीच कवडी एकेकाळी मालदीवहून जहाजं भरभरून बंगालच्या बाजारात चलन म्हणून जायची. समुद्रापासून इतक्या लांब, बालाघाटच्या डोंगरावर ती देवीच्या गळ्यात येऊन बसली, याचं मला नेहमीच नवल वाटत आलं आहे. आता ती पुन्हा समुद्र ओलांडते आहे, फक्त यावेळी कागदपत्रं बरोबर घेऊन.

भाच्याच्या पुढ्यात स्वयंपाकघरातला असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्याने माळ ठेवली, मग कागदी डबी, मग आतला कागद, मग पत्त्याची चिठ्ठी. काट्यावर २५३ आकडा आला. त्याने डबीची झाकणाकडची एक पट्टी कात्रीने कापली. २४९. तरी समाधान नाही. आतला कागद निम्मा केला. २४४.

"अडीचशेच्या आत पाहिजे, ताई," तो म्हणाला. "पण काठावर नको. आपला काटा आणि पोस्टातला काटा यात दोन-तीन ग्रॅमचा फरक पडतो. पावसाळ्यात तर पुठ्ठाच पाणी पितो."

आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टाचा दर अडीचशे-अडीचशे ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतो. अडीचशेला एक ग्रॅम जादा झाला की पुढच्या टप्प्याचे पैसे. देशातल्या स्पीड पोस्टाचे १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे नवे दर आले, त्यातही ५१ ते २५० ग्रॅम असाच टप्पा आहे. त्यामुळे या घरात सगळं काही त्या आकड्याभोवती फिरतं. पूर्वी माळेबरोबर कुंकवाची पुडी जायची. ती काढली, कारण पुडीचं वजन होतं आणि पूड दिसली की वाटेत तपासणीला थांबण्याची भीती. मग बुडबुड्यांचं प्लास्टिक गेलं. शेवटी भाच्याने मावशींना विचारलं, थोड्या लहान कवड्या घेऊ का? मावशी साफ नाही म्हणाल्या.

"लहान कवडीची माळ लेकराच्या गळ्यातली दिसती," त्या म्हणाल्या. "तुझी डबी कर की लहान."

म्हणून डबी लहान झाली.

मधे काय झालं ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल आयात शुल्काशिवाय आत जायचा. जगभरातले छोटे विक्रेते याच सवलतीवर उभे राहिले. आधी चीन आणि हाँगकाँगच्या मालाची सवलत गेली. ३० जुलै २०२५ च्या आदेशाने २९ ऑगस्टपासून ती सगळ्याच देशांसाठी गेली. पोस्टाच्या पाकिटावरचं शुल्क कोणी गोळा करायचं आणि अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याकडे कोणी भरायचं, याची यंत्रणा तयार नव्हती. विमान कंपन्यांनी २५ ऑगस्टनंतर टपालाचा माल घ्यायला असमर्थता दाखवली. सुरुवातीला पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू होत्या, महिनाअखेरीला त्याही थांबल्या. हे एकट्या भारताचं दुखणं नव्हतं. जागतिक टपाल संघाने सांगितलं की ८८ टपाल यंत्रणांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटलं. १५ ऑक्टोबरला आपली सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या अटीवर: जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी भरायचं. माल घेणाऱ्याला तिकडे काही द्यावं लागणार नव्हतं.

म्हणजे तेव्हा ९०० रुपयांची माळ असेल तर ४५० रुपये शुल्क, त्यावर टपालखर्च वेगळा. भाच्याने हे आकडे एका वहीत लिहून ठेवलेत. ती वही मी बराच वेळ चाळली. ऑगस्टच्या पानांवर नावं, शहरं, वजनं: डॅलस २४१, एडिसन २४६, सॅन होजे २३८. मग २५ तारखेनंतर नावं आहेत, शहरं आहेत, वजनाचा रकाना कोरा.

"ते रद्द केलेले?" मी विचारलं.

"काही रद्द केले, पैसे परत दिले. बाकीचे पुण्याला पाठवले."

पुण्याची युक्ती त्याला एका ग्राहक बाईंनीच सुचवली. त्यांची आई कोथरूडला राहते, दीर सप्टेंबरात अमेरिकेला परत जाणार होते. भाच्याने माळ देशातल्या स्पीड पोस्टाने कोथरूडला पाठवली, तिथून ती दिरांच्या बॅगेतून गेली. हे जमल्यावर त्याने बाकीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून विचारलं: तुमचं कोणी पुण्या-मुंबईहून येतंय का? ज्यांचं कोणी येत होतं, त्यांच्या घटाला माळ मिळाली. ज्या घरांतून येणारं-जाणारं कोणी नव्हतं, त्यांना नाही मिळाली. वहीत या दुसऱ्या प्रकारची नावं जास्त आहेत. मला ती पानं नुकसानीच्या हिशेबापेक्षा मोठी वाटली. लांब राहणाऱ्या, नव्यानेच गेलेल्या, अजून नातेवाइकांचं जाळं न जमलेल्या माणसाला पोस्टाशिवाय दुसरा कोण असतो?

मोठ्या विक्रेत्याला खासगी कुरियर परवडतं, तिकडच्या गोदामात आधीच माल भरून ठेवता येतो. या पोराने एका कुरियरवाल्याकडे दर विचारला होता. "मालापेक्षा भाडं जास्त," तो म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही. पोस्टाची खिडकी हीच त्याच्यासारख्याची वेस आहे. २०२२ पासून देशभर हजाराच्या वर डाकघर निर्यात केंद्रं उघडली गेली, घरबसल्या पोर्टलवर निर्यातीचा अर्ज भरता येऊ लागला, मुंबईला बॅलार्ड पिअरच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात जाऊन उभं राहायची गरज उरली नाही. हे काम खरोखर चांगलं झालेलं आहे. ५०० रुपये भरून त्याने आयात-निर्यात क्रमांक काढला, जीएसटीचं हमीपत्र भरलं. हे त्याने एकट्याने, मोबाइलवर पाहून शिकून केलं. धाराशिवच्या एका चहाच्या टपरीवर बसून त्याने हे फॉर्म भरले, कारण घरात रेंज नव्हती.

सगळ्यात जास्त त्रास त्याला वर्णनाच्या रकान्याने दिला. पूर्वी तो 'देवीची माळ' असं लिहायचा. आता वस्तू कशाची, कुठे बनली, किती किमतीची, कोणत्या शुल्क-क्रमांकात बसते हे सगळं आधीच, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावं लागतं. त्यात कवडी हा समुद्री प्राण्याचा शंख. अमेरिकेत शंख-शिंपल्यांचा व्यापारी माल वन्यजीवजन्य मानला जातो आणि त्याची निराळी घोषणा करावी लागते. हे त्याला सप्टेंबरात, सगळं बंद असताना कळलं. बरं झालं, तो म्हणतो, नाहीतर वाटेत कुठेतरी अडकलं असतं. तेव्हापासून अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला तो ही गोष्ट आधी स्पष्ट सांगतो आणि जमत असेल तर गोधडी पुढे करतो. मावशींच्या गल्लीतल्या बायका जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. गोधडीला शुल्क-क्रमांक सरळ आहे, ९४०४ मध्ये बसते. फक्त वजनाचं गणित बसत नाही. मोठी गोधडी काट्यावर ठेवली की आकडा पाहून पोरगा हसतो. म्हणून आता बाळाच्या छोट्या गोधड्या शिवून घेतोय.

बाकीच्या वाटाही त्याने पडताळून पाहिल्या. युरोपात २०२१ पासून पहिल्या युरोवरच कर लागतो, डिसेंबर २०२४ पासून वस्तूच्या सुरक्षेसाठी तिथला एक जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो. एवढ्या माळांसाठी प्रतिनिधी कुठून नेमणार? ते दार त्याने स्वतःच लावून घेतलं. कॅनडा, ब्रिटन आणि आखाताकडे मागणी वळवली. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी रजिस्टर्ड स्मॉल पॅकेट बंद होणार होतं, म्हणून घाईच्या नसलेल्या वस्तू आधीच ट्रॅक होणाऱ्या आयटीपीएस सेवेकडे नेल्या. सणाची तारीख गाठायची असेल तर मात्र स्पीड पोस्ट, आणि अडीचशेच्या आत.

ग्राहकांनाही त्याने एकत्र बांधलं. कॅनडातल्या एका महाराष्ट्र मंडळाकडून बारा माळांची मागणी आली होती. बारा डब्या बारा पत्त्यांवर न जाता एकच खोकं एका घरी जाणार आणि तिथून लोक घेऊन जाणार. दर माळेमागे टपालखर्च बराच खाली येतो. खोक्याचं वजन करताना त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड होता, तो मला विसरता येत नाही. एका छोट्या विक्रेत्याने वर्षभरात चार देशांचे नियम वाचावेत, पाठ करावेत आणि त्यांच्या फटीतून आपली माळ पलीकडे न्यावी, याला मी तरी शिक्षणच म्हणेन.

पण या सगळ्या हुशारीचा हिशेब ओसरीवर येऊन मी पुन्हा मांडला तेव्हा मन खट्टू झालं. मावशींना माळेमागे मजुरी मिळते. बंदीच्या काळात माळ गेली नाही, तर गुंफायचीही नव्हती. त्याच नवरात्रात परंडा-भूम भागात पूर आला, लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. मावशींच्या लेकीचं सोयाबीन तिकडेच पाण्यात गेलं. म्हणजे शेतातून काही आलं नाही आणि सुतातूनही नाही. शुल्क अमेरिकेने लावलं, पण ५० टक्के भरून परवडावं म्हणून भाच्याने किंमत खाली आणली आणि किंमत खाली आणली म्हणून मजुरी जागच्या जागी राहिली. भाचा हे लपवत नाही. "मावशीचे दर वाढवायचे होते दसऱ्याला," तो म्हणाला. "वाढवले नाहीत."

मला वाटतं, अशा माणसांसाठी थोडं काही तरी व्हायला हवं. निर्यात वाढीच्या योजनांत जिथे कंटेनर मोजले जातात, तिथे अडीचशे ग्रॅमचं पाकीटही मोजलं जावं. तालुक्याच्या पोस्टात आठवड्यातून एक दिवस कोणी माणूस बसवून वर्णनाचा रकाना कसा भरायचा हे शिकवावं. आणि परदेशातल्या नियमात बदल होणार असेल तर तो शेवटच्या आठवड्यात वर्तमानपत्रातून न कळता आधी, मराठीत, त्या खिडकीवर लावलेला असावा.

निघताना भाचा पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढून बसला होता. २०२६ ला अधिक ज्येष्ठ येणार होता, म्हणून घट थेट ११ ऑक्टोबरला बसणार होते. यावर तो खूश होता. त्याला एक महिना जास्त मिळत होता.

"मावशी, पुढच्या वर्षी श्रावणात बांधायला बसायचं नाही," तो म्हणाला. "आषाढातच सुरुवात करायची. ऑगस्टअखेर सगळा माल बाहेर गेला पाहिजे. परत वाट बंद झाली तरी आपला निघून गेलेला असेल."

मावशींनी मेणाचा गोळा फडक्यात बांधला. "आषाढात दमट हवेनं सूत फुगतंय," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यातच घेते करायला. पण सूत आत्ता आणून दे, आणि पैसे अर्धे आधी."

त्याने वहीत लिहून घेतलं.