पुळणीच्या जमिनीचा जमाखर्च

दापोली तालुक्यातील आंजर्ले गाव समुद्र आणि जोग नदीची खाडी यांच्या कुशीत आहे. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो. पण दिवाळीनंतर जूनपर्यंत आभाळ कोरडेच. किनाऱ्याजवळच्या वाळूमिश्रित पोयट्याच्या जमिनीत मार्च उजाडला की भाजीपाला माना टाकतो. एवढा पाऊस पडूनही जमीन तहानलेली का? याचे उत्तर जमिनीच्या साठवणुकीत आहे.

हिशेब सोपा आहे. अशी एक मीटर खोल जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असे पाणी साधारण १० ते १२ सेंटिमीटरच धरते. बाकीचे खाली निघून जाते. भाजीची मुळे जेमतेम फूटभर. त्यांच्या वाट्याला ३ सेंटिमीटर. उन्हाळ्यात रोज सुमारे अर्धा सेंटिमीटर पाणी खर्ची पडते. निम्मी शिल्लक संपली की पिकाला ओढ बसते, म्हणजे तिसऱ्याच दिवशी! म्हणून आठवड्यातून एकदा वाफा तुडुंब भरण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी बेताचे पाणी द्यावे. समुद्रकाठच्या विहिरीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर येते आणि घराचे पिण्याचे पाणीही जाते.

खर्च कमी करायचा तर जमीन उघडी ठेवू नये. पेंढा, झावळ्या, पालापाचोळा यांचा चार बोटे जाड थर रोपांभोवती पसरावा. हाच पाला राबात जाळला तर जमिनीचे भांडवलच जळते.

जमा वाढवायची तर दरवर्षी गुंठ्याला १०० ते २०० किलो चांगले कुजलेले शेणखत घालावे. पावसाळ्याच्या तोंडावर ताग पेरून फुलोऱ्यात येताच गाडावा. माडाभोवती चर खणून नारळाची सोडणे पोकळ बाजू वर करून पुरावीत. ती पाणी शोषून धरतात. युरिया एकदम न देता तीन-चार हप्त्यांत द्यावा, नाहीतर तो पाण्याबरोबर वाहून विहिरीत उतरतो.

घरामागे दोनच गुंठे असले तरी भगिनींनी भांडी धुतलेले पाणी अळू, केळीला वळवावे.

आपल्याकडे जमीन थोडी, हे खरे. परंतु १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात शेती परवडते की नाही हे केवळ तिच्या आकारावर नव्हे, तर तिला मिळणाऱ्या साधनांच्या जोडीवर ठरते, असे मांडले होते. खत, पाला आणि वेळेवरचे पाणी ही आपल्या हातातली साधने आहेत. तीच आधी वापरू या.