अक्षरांचे रंग

रशियातील एका घरात सहा-सात वर्षांचा एक मुलगा अक्षरांच्या ठोकळ्यांचा मनोरा रचीत बसला होता. खेळता खेळता तो आईला सहज म्हणाला की, या अक्षरांना दिलेले रंग चुकीचे आहेत. आईला त्याचे मुळीच नवल वाटले नाही; कारण तिलाही प्रत्येक अक्षर ठरावीक रंगाचे भासत असे. हा मुलगा म्हणजे १८९९ साली जन्मलेले प्रसिद्ध लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह होत.

एका इंद्रियाला जाणीव होताच दुसरी जाणीव आपोआप जागी व्हावी, या अवस्थेला शास्त्रज्ञ 'सिनेस्थेशिया' म्हणतात. मराठीत तिला 'सहसंवेदन' म्हणता येईल. कोणाला अंक रंगीत दिसतात, कोणाला सूर ऐकताच रंग दिसतात. हा रोग नव्हे.

'गोड आवाज' असे आपणही म्हणतो. पण आवाज ऐकून आपल्या जिभेला साखरेची चव येत नाही. सहसंवेदन असलेल्यांना मात्र तसा अनुभव खरोखरच येतो. त्यांना अक्षरांचे रंग विचारावेत आणि वर्षभराने, पूर्वसूचना न देता, पुन्हा विचारावेत. उत्तरे बहुधा तीच येतात. मनाने रचून सांगणाऱ्याला हे साधत नाही.

भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ वि. एस. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड हबर्ड यांनी २००१ साली अमेरिकेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुष्कळशा ५ या अंकांमध्ये त्यांनी २ हे अंक त्रिकोणाच्या आकारात मांडले. दोन्ही अंकांची वळणे सारखीच असल्याने सामान्य माणसाला तो त्रिकोण शोधावा लागे. ज्यांना अंक रंगीत दिसत, त्यांना तो लवकर सापडला.

असे का होते? डोळे व कान मेंदूकडे संदेश पाठवितात. रंगाचे वा नादाचे ज्ञान मेंदूतच होते. अंकांचे आकार ओळखणारा भाग व रंग ओळखणारा भाग मेंदूत जवळजवळ आहेत. बांध फुटला की एका वाफ्यातील पाणी शेजारच्या वाफ्यात शिरते. त्याप्रमाणे एका भागाची चेतना दुसऱ्यात जात असावी, असे मत या दोघांनी मांडले.

आपल्याला जे दिसत नाही, ते दुसऱ्यालाही दिसत नसेल, असे ठरविण्याची घाई करू नये. नाबोकोव्हच्या आईला मुलाचे म्हणणे स्वानुभवाने पटले. शास्त्रज्ञांना ते प्रयोगाने पटले. ज्याच्यापाशी या दोहोंपैकी काहीच नाही, त्याने हसण्यापूर्वी निदान नीट ऐकून घ्यावे.